सोसणाऱ्याची फिर्याद

दुःख सोसावे कसे, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने दिलेल्या उत्तराविषयी आपल्याकडील सुशिक्षितांत एक मत इतके रूढ झाले आहे की ते सिद्ध करण्याची आवश्यकता आता कोणास वाटेनाशी झाली आहे. आणि ज्या मताला पुरावा मागितला जात नाही त्याचीच छाननी आधी झाली पाहिजे. ते मत थोडक्यात असे आहे. ख्रिस्ती माणूस दुःख सोसतो याचे कारण त्याच्या अंगी प्रतिकाराचे सामर्थ्य नसते, किंवा असल्यास त्याच्या धर्माने ते हिरावून घेतलेले असते. परलोकीच्या वतनाची सनद हाती देऊन इहलोकीच्या जप्तीविषयी त्याला गप्प बसविलेले असते. आणि म्हणून ज्याला स्वतःवरील अन्यायाची खरी जाणीव आहे त्याने हे श्रद्धेचे सांत्वन झिडकारून आपल्या मनातला कडवटपणा जिवंत ठेवावा, कारण तो कडवटपणा हीच त्याच्या स्वाभिमानाची शेवटची निशाणी होय.

या मताच्या पाठीशी लहानसहान माणसे नाहीत. मार्क्सने १८४४ साली धर्माला दिलेली अफूची उपमा आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. नीत्शेने तर याहून खोल घाव घातला: क्षमा, नम्रता, सोशिकपणा हे ख्रिस्ती सद्गुण म्हणजे दुर्बलांनी मनात दाबून ठेवलेल्या सूडाचीच रूपांतरे आहेत, ज्याला शत्रूचा समाचार घेता येत नाही तो आपल्या असमर्थतेलाच पुण्य म्हणू लागतो, असा त्याचा सिद्धान्त. आणि तिसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. पहिल्या दोघांचे आक्षेप युरोपातल्या ग्रंथांतून आपल्याकडे आले. बाबासाहेबांचा आक्षेप इथल्या गावकुसाबाहेरच्या अनुभवातून उठला आहे, म्हणून त्याचा विचार मी शेवटी आणि अधिक आदराने करणार आहे.

नीत्शेचा नीतिकल्पनांच्या वंशावळीविषयीचा ग्रंथ १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत, फिलाडेल्फिया येथे, एका एकोणतीस वर्षांच्या मराठी विधवेने उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक छापले जात होते. पंडिता रमाबाईंना नीत्शे ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि त्याला रमाबाई ठाऊक असण्याचे तर त्याहून नव्हते. तरी पण त्याच्या सिद्धान्ताची कसोटी घ्यावयाची असेल तर त्यासाठी याहून योग्य असे दुसरे आयुष्य मला त्या काळात दिसत नाही.

कडवट होण्याचा अधिकार जर दुःखाच्या प्रमाणात मिळत असेल, तर बाईंना तो पुरेपूर मिळालेला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, मुलींना शिकविले, आणि तीर्थयात्रा व पुराणकथनात कुटुंबाची सारी मिळकत संपविली. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाजवळ विद्या होती आणि अन्न नव्हते. अंगमेहनतीचे काम ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी जातीच्या प्रतिष्ठेने ते करू दिले नसते. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढल्याची हकिकत पुढे बाईंनीच लिहून ठेवली आहे. १८७४ साली वडील गेले. पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंदुस्थान तुडवीत त्या कलकत्त्यास पोहोचल्या, तेथील पंडितांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, आणि थोड्याच काळात तो भाऊही मरण पावला. १८८० च्या अखेरीस त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला; १८८२ च्या आरंभी पटकीने तोही हिरावून नेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी पदरी तान्ही मुलगी आणि मागे मृत्यूंची ही रांग.

एवढे पुरे झाले नाही. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ज्या पुण्याने त्यांच्या कीर्तनवजा व्याख्यानांना माना डोलावल्या होत्या त्याच पुण्यात त्या परक्या झाल्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून ‘केसरी’ने रान उठविले, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले याचा निवाडा आज येथे करावयाचा नाही. एवढेच नमूद करतो की जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये बाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती, आणि दास्याची मनोवृत्ती ओळखण्यात जोतीरावांची नजर सहसा चुकत नसे.

आता या बाईने या सर्व दुःखाचे काय केले? १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या. उपाशी पोटाने माणूस किती चालू शकतो, आईच्या हातून लेकरू कोणत्या दिवशी सुटते, एकट्या उपाशी मुलीला भाकरी दाखवून पळवून नेणारी माणसे छावणीभोवती कशी घिरट्या घालतात, हे सरकारी अहवाल वाचून त्यांना कळले नव्हते. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या भुकेने ते त्यांना शिकविले होते. बाई शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्या मुलींना ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा केडगावच्या शेतात झोपड्या उभारून त्यांना आसरा दिला, आणि त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. विहिरी खणल्या गेल्या, हातमाग बसले, छापखाना आला. आणि समाजाने ज्यांना बहिष्कृत केले होते अशा स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. दाबून ठेवलेला सूड अशा रीतीने विहिरी खणीत नाही. सूड आपल्या दुःखाचा हिशेब मागतो; दुसऱ्याच्या मुलीच्या पोटात आज काही गेले की नाही, या चौकशीला त्याच्याजवळ वेळ नसतो. नीत्शेचा सिद्धान्त पुष्कळ ख्रिस्ती माणसांना लागू पडेल, हे मी नाकारीत नाही. परंतु केडगावच्या माळावर तो लागू पडत नाही, आणि जो सिद्धान्त आपल्या विषयाच्या सर्वांत कठीण उदाहरणापुढे निरुत्तर होतो त्याला सिद्धान्त म्हणण्याचे कारण नाही.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: दया केली खरी, पण अन्याय करणाऱ्याला जाब कोठे विचारला? हा प्रश्न विचारणाऱ्याने १८९७ सालचे दप्तर उघडावे. प्लेगच्या दिवसांत पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची जी व्यवस्था होती, आणि त्यांच्या अब्रूची जी बेपर्वाई चालली होती, तिच्याविरुद्ध बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघडपणे लिहिले. त्या लिखाणाने गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारभाराला खुलासा देणे भाग पडले आणि प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. ज्या सरकारच्या मर्जीवर ख्रिस्ती संस्थांचे पुष्कळ काही अवलंबून होते त्या सरकारविरुद्ध ही एका ख्रिस्ती स्त्रीची कैफियत होती. त्याआधी इंग्लंडात असताना, पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली तेव्हा तिच्यापुढेही बाईंनी मान तुकविली नव्हती. वाँटेजच्या मठवासिनी त्यांना आज्ञाधारकपणाचे पाठ देत राहिल्या आणि बाई पत्रामागून पत्र लिहून आपल्या विवेकबुद्धीचा हक्क मांडीत राहिल्या. अफू घेतलेला माणूस असा वाद घालीत नाही.

आणि हे बाईंचे वैयक्तिक धाडस होते, ख्रिस्ती शास्त्राशी त्याचा संबंध नव्हता, असेही कोणी समजू नये. सोसणारा मुकाच असला पाहिजे हा नियम शास्त्राने घातलेला नाही. तो सुखवस्तू भाविकांनी स्वतःच्या सोयीसाठी घातला. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. आशेची एक ओळसुद्धा जोडून कोणी ते गोड केलेले नाही. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाला वादासाठी समोर बोलाविले. त्याच्या मित्रांनी मात्र देवाची बाजू घेऊन, तुझेच काही पाप असेल, असे त्याला पुनःपुन्हा सुनावले. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप कोणावर झाला? त्या वकिली करणाऱ्या मित्रांवर. तक्रार करणारा ईयोब खरे बोलला असा निर्णय खुद्द देवानेच दिला. आणि त्यानंतर जे घडले ते मला या सर्व वादाचे मर्म वाटते: त्याच मित्रांसाठी प्रार्थना करण्यास ईयोबास सांगण्यात आले, त्याने ती केली, आणि मग त्याचे दिवस पालटले. फिर्याद पूर्ण मांडली गेली, आणि कडवटपणाला मात्र जागा उरली नाही.

फिलिप्पै येथे पौल आणि सीला यांना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. मध्यरात्री ते दोघे स्तोत्रे गात होते, हा भाग प्रत्येक उपदेशक सांगतो. सकाळी अधिकाऱ्यांनी, यांना सोडून द्या, असा निरोप धाडला तेव्हा पौलाने चोरवाटेने निघून जाण्यास साफ नकार दिला आणि रोमी नागरिकांना न्यायचौकशीवाचून उघडपणे मारणाऱ्या त्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे अशी मागणी केली, आणि ती त्यांना मान्य करावी लागली; हा भाग फार थोडे सांगतात. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच आहे. प्रभू येशूला प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा दुसरा गाल पुढे करा असे शिकविणाऱ्या त्याच प्रभूने त्या शिपायाला मारण्याचे कारण विचारले. त्याने हात उगारला नाही आणि मुकाट्यानेही घेतले नाही. ख्रिस्ती सहनशीलतेचे सर्व शास्त्र त्या एका प्रसंगात आहे, आणि त्यावर आमच्या मंडळ्यांत जितकी प्रवचने व्हावयास हवीत त्याच्या दशांशही होत नाहीत याचे मला दुःख आहे.

मग क्रोध आणि कडवटपणा यांत अंतर काय राहिले? क्रोधाला आपले कारण माहीत असते आणि ते कारण दूर झाले की तो शमतो. कडवटपणाला कारण दूर झालेले नको असते. ज्याने आपल्यावर अन्याय केला त्याने पश्चात्ताप केला तर कडवट मनुष्य अस्वस्थ होतो, कारण त्याच्या खटल्यातला आरोपीच नाहीसा होऊ पाहतो; तो स्वतःच फिर्यादी, स्वतःच पंच आणि स्वतःच मुन्सफ होऊन रोज सकाळी तोच खटला नव्याने चालवितो, रोज तोच फैसला देतो, आणि अंमलबजावणी कधीच होत नाही. सूड आपण घ्यावयाचा नाही, तो देवाच्या न्यायावर सोपवावयाचा, ही पौलाने रोमकरांस केलेली सूचना फिर्याद मागे घ्या असे सांगत नाही. ती फिर्याद वरच्या दरबारात दाखल करा असे सांगते, जेथे लाच चालत नाही आणि साक्षीदार फुटत नाहीत.

येथे नीत्शेचा अनुयायी म्हणेल की हा तर उधारीवरचा सूड झाला. स्वतःच्या हाताने मारता येत नाही म्हणून देवाच्या हाताने मारावयाचे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला बळी पडलेली ख्रिस्ती मने इतिहासात नाहीत असे कोण म्हणेल? पण या दरबाराचे दोन नियम तो विसरतो. पहिला नियम असा की तेथे फिर्याद घेऊन जाणाऱ्याचेही दप्तर उघडले जाते. दुसऱ्याचा अपराध मांडताना आपला लपविता येत नाही. आणि दुसरा असा की त्या न्यायासनावर बसलेला स्वतःच मार खाल्लेला आहे. पुनरुत्थित येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पुसले गेले नव्हते; थोमाला ते दाखविण्यात आले. झाले ते झालेच नाही असे पुनरुत्थानाने भासविले नाही. परंतु तेच व्रणांचे हात घेऊन तो पहाटे तलावाच्या काठी निखाऱ्यांवर मासळी भाजून बसला, आणि ज्या पेत्राने निखाऱ्यांपाशीच त्याला तीनदा नाकारले होते त्याला त्याने न्याहारीस बोलाविले. ज्याला उधारीचा सूड घ्यावयाचा आहे त्याला अशा न्यायाधीशापुढे जाऊन काय मिळणार?

रमाबाईंच्या या वृत्तीची साक्ष त्यांच्या अखेरच्या वर्षांत आहे. कानांनी पुरे ऐकू येत नव्हते. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या मुलीच जुळवीत. १९२१ च्या जुलैत त्यांची मुलगी मनोरमा गेली: जिला चोविसाव्या वर्षी कडेवर घेऊन त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि जिच्या हाती पुढचा सारा कारभार सोपवावयाचा होता. बाईंनी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा काम हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

एक आक्षेप मात्र आम्ही ख्रिस्ती लोकांनीच ओढवून घेतला आहे. घरात प्रेत असताना, देवाची इच्छा, रडू नका, असे सांगणारे पाळक आणि वडीलधारे कोणत्या मंडळीत नाहीत? लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला हे त्यांना कोणी सांगावे? दुःख झाकण्याला श्रद्धा म्हणणे हा अपधर्म आहे. ज्यांना सत्य सांगणे आणि कडवट न होणे एकत्र कसे नांदतात हे पाहावयाचे असेल त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. लहान मुलाला घेऊन, नातलगांच्या आश्रयाने, लोकांची बोलणी सोशीत त्यांनी ती वियोगाची वर्षे काढली. पतीचा तापट स्वभाव, घरात पैसा नसताना त्यांचे दानधर्म, त्यांचे एकाएकी निघून जाणे, काहीच त्यांनी लपविले नाही. त्या ग्रंथातल्या टिळकांना कोणी साधुपुरुषाची झूल घातलेली नाही. तरी पण शेकडो पृष्ठांत मत्सराचे वा सूडाचे एक वाक्य सापडत नाही, आणि हसू तर पानोपानी सापडते. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ज्या बाईला लग्नाच्या वेळी अक्षरओळख नव्हती तिनेच ते पूर्ण केले.

आता बाबासाहेबांचा आक्षेप. अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांविषयी त्यांनी जे लिहिले, आणि जे त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले, त्याचा आशय असा: या माणसाची अधोगती भोवतालच्या दुष्ट समाजव्यवस्थेमुळे झाली हे सांगण्याऐवजी मिशनऱ्यांनी त्याला आद्य पापाची शिकवण दिली, त्यामुळे परिस्थितीवर तुटून पडण्याचे बळ त्याला मिळाले नाही, आणि धर्मांतराने त्याच्यातला लढवय्या निजला. यातील वस्तुस्थितीचा भाग मी नाकारू शकत नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांत ख्रिस्ताचे नाव गेले तेव्हा त्याबरोबर शाळा गेली, दवाखाना गेला, अक्षर गेले, हे खरे. पण जातीच्या प्रश्नावर मिशनांनी पुष्कळ वेळा नरमाई पत्करली हेही तितकेच खरे, आणि दक्षिणेत तर चर्चमध्ये निराळ्या जागा आणि मेल्यावर निराळ्या स्मशानभूमी येथपर्यंत मजल गेली. माझे म्हणणे इतकेच आहे की हा दोष सिद्धान्ताचा नसून तो अर्धाच शिकविणाऱ्यांचा आहे. पाप सर्व मानवजातीत आहे ही शिकवण पुरी सांगितली असती तर ती पाटलाच्या वाड्यावर आणि धर्मपीठाच्या पायरीवरही जाऊन धडकली असती. ती फक्त वस्तीत सांगितली गेली. सोसणाऱ्याला, तू सोस, असे सांगणे आणि सोसायला लावणाऱ्याला काहीच न सांगणे, ही ख्रिस्ताची सुवार्ता कधीच नव्हती. बाबासाहेबांचा घाव ज्या ठिकाणी बसला ती जागा आमची होती आणि तो योग्य बसला.

आजचा व्यवहार पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यांना त्या यादीबाहेर ठेवले; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती वाट मोकळी झाली; दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अद्याप बाहेर आहेत. ज्या घराला गावाने महारवाड्याबाहेर कधी पाऊल टाकू दिले नाही, त्या घराची जात त्याने बाप्तिस्मा घेताच कागदावरून गेली आणि पाणवठ्यावर मात्र तशीच राहिली. या माणसाने कडवट होऊ नये असे मला वाटते; त्याच्या आत्म्याच्या हितासाठी वाटते, आणि रमाबाई, लक्ष्मीबाई, पौल यांच्या साक्षीवरून ते शक्य आहे असेही वाटते. परंतु हे त्याला सांगण्याचा अधिकार ज्या मंडळीला हवा असेल तिने त्याची फिर्याद आपली मानावी. येत्या रविवारी सहनशीलतेवर प्रवचन करणाऱ्या प्रत्येक पाळकास माझी विनंती आहे: तो तिसरा परिच्छेद रद्द व्हावा या मागणीच्या अर्जावर आपल्या मंडळीची सही झाली आहे की नाही ते आधी पाहा, आणि झाली नसेल तर व्यासपीठावर चढण्यापूर्वी ती करा.